आधी भावाची चाचणी

प्रश्न : माझ्या भावाला ३८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, आईला गर्भाशयाचा होता. मी ४२ वर्षांची आहे, त्रास काही नाही. मी जनुकीय चाचणी करावी का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पहिली चाचणी तुमची नव्हे, भावाची व्हायला हवी. आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग एकाच घरात दिसला, की लिंच सिंड्रोमची, म्हणजे कर्करोगाच्या आनुवंशिक प्रवृत्तीची, शंका घ्यावीच लागते; यात डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ किंवा पीएमएस२ या जनुकांपैकी एकात जन्मतःच दोष असतो. भावाच्या गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, तो सहसा ठेवलेला असतो. त्यावर या जनुकांची प्रथिने तपासून मग रक्ताची चाचणी करतात. त्याच्यात दोष सापडला, तर तो तुमच्यात असण्याची शक्यता ५० टक्के, आणि मग नेमका तेवढाच दोष तुमच्या रक्तात शोधायचा. भावाला न तपासता केलेल्या तुमच्या ‘निर्दोष’ अहवालावर मी तरी विसंबणार नाही. तुमची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) मात्र या अहवालांसाठी थांबवू नका. सख्ख्या भावाला एवढ्या लवकर रोग झाला असता ती चाळिशीच्या आतच व्हायला हवी होती. दोष आढळल्यास ती दर एक-दोन वर्षांनी करावी लागेल आणि गर्भाशयाबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांशीही बोलावे लागेल.