मुंबईचे फोटो, आजोबांची गाणी आणि बी.कॉम.

प्रश्न : माझा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टी मिळाली की सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला मावशीकडे जाते आणि लालबाग, परळ, गिरगाव भागात रस्त्यावरचे फोटो काढत हिंडते. माझे वडील १९८२च्या संपापर्यंत तिथल्या गिरणीत होते. ते गुणगुणतात ती जुनी गाणी लावून ती या फोटोंचे व्हिडिओ करते. लोक कौतुक करतात, पण परवा दोन व्हिडिओंवर कॉपीराइटची नोटीस आली. केस होईल का? आणि यात करिअर आहे, की छंद म्हणून बाजूला ठेवायला सांगू? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : नमस्कार. आधी नोटिशीचं बोलू, कारण झोप त्यानंच उडालेली दिसते. यूट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये क्लेम आहे. यंत्रणेनं गाणं ओळखलं; आता त्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातील किंवा व्हिडिओ दिसणं बंद होईल, इतकंच. मालकानं व्हिडिओ काढून टाकायची रीतसर मागणी केली की स्ट्राइक येतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जाऊ शकतं. तेव्हा हे दोन व्हिडिओ आजच काढून टाका किंवा त्यातला आवाज बदला.

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ आणि ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतंय’ हे दोन्ही गैरसमज. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. सी. रामचंद्र १९८२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०४२ संपेपर्यंत मोकळ्या होत नाहीत; मग तबकडी १९५३ची का असेना. आजोबांनी स्वतः गायलेलं घातलं तरी चालीचा प्रश्न उरतोच, आणि यंत्रणा नुसत्या चालीवरूनही गाणं पकडते.

आता करिअरचं. तिचे तीन व्हिडिओ पाहिले. नजर चांगली आहे. चाळीच्या गॅलरीत साडी झटकणारी बाई आणि खाली तिचे थेंब चुकवत जाणारा पोऱ्या, ही फ्रेम कुणीही शिकवून येत नाही. पण व्हिडिओत जे भावतं ते बरंचसं गाण्याचं आहे, तिचं नाही. गाणं काढून बघा, फोटो पोरके होतात. गाण्यात ‘पाऊस’ शब्द आला की पावसाचा फोटो, ‘रात’ आली की दिव्यांचा. हे स्मरणरंजन उसनं आहे, आणि उसन्या गाण्यावर केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवताही येत नाही. स्वतःचे फोटो आणि स्वतः मिळवलेला आवाज यांची तीन मिनिटांची गोष्ट बांधता येणं, हे मात्र कौशल्य आहे आणि त्याला पैसे मिळतात. नुसत्या रस्त्यावरच्या फोटोंवर घर चालत नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

पत्राखाली तिनं स्वतः लिहिलंय की कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा आणि लेन्स १८-५५ आहे. पुरे आहे, नवा कॅमेरा घेऊन देऊ नका. गर्दीत फोकस चुकतो अशी तिची तक्रार आहे. लेन्स १८वर, अॅपर्चर एफ ८. साधारण दोन मीटरवरच्या वस्तूवर (तीन पावलं मोजायची) फोकस घ्यायचा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकायची. मग एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, आणि कॅमेरा फोकस शोधत बसेपर्यंत माणूस निघून जात नाही. झूमची रिंग हलली की हिशोब बिघडतो, म्हणून तिथे चिकटपट्टी लावावी. दिवसा शटर १/२५०. तिच्या रेल्वे पुलावरच्या फोटोंत जे काळपट आडवे पट्टे आलेत, ते याच शटरमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. ट्यूबखाली १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. चालणारी माणसं थोडी पुसट येतील, येऊ द्यात.

व्हिडिओत ती दर दोन सेकंदांनी फोटो बदलते, तीन मिनिटांत नव्वद. डोळा कुठेच टेकत नाही. ठेका केरव्याचा आणि लय मिनिटाला ९० मात्रांची असेल तर आठ मात्रांचं आवर्तन साधारण सव्वापाच सेकंदांचं होतं. एका आवर्तनाला एक फोटो धरला तर तीन मिनिटांना ३३-३४ फोटो लागतात. पण प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बदललं की चौथ्या फोटोनंतर बघणारा ते आधीच ओळखतो आणि त्याचं लक्ष उडतं. दहातले दोन-तीन फोटो समेच्या पुढे जाऊ द्यावेत. गॅलरीतली बाई तर दोन आवर्तनं थांबावी. फोटोवर झूमची हालचाल पाच टक्क्यांपलीकडे नको. आणि फोटो तीन-दोनच्या प्रमाणात, पडदा सोळा-नऊचा, त्यामुळे वरून-खालून कापलं जातं. तिच्या चार फोटोंत पाय गेलेत ते असे.

आवाजासाठी छोटा रेकॉर्डर, वाऱ्यासाठी त्यावर केसाळ टोपी आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागी हात न हलवता किमान एक मिनिट. याचा सराव मुंबईत नको, तुमच्याच कारखान्यात करू दे. मागाजवळ उभं राहिलं तर आवाज फाटतो. दारात उभं राहिलं की खटखट नीट सुटी ऐकू येते. फोनवर घेतलं तर माग थांबताक्षणी सूंऽऽ आवाज वर चढतो, कारण शांतता झाली की फोन आपोआप आवाज वाढवतो. म्हणून रेकॉर्डरवर स्वयंचलित पातळी बंद. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढचा ‘हर्र बोला हर्र’चा गजर, मंगळवार बाजार, सकाळचा सिद्धेश्वर तलाव, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संगीत हवंच असेल तर गावातल्या एखाद्या पेटीवाल्याकडून किंवा सनईवाल्याकडून त्यांची स्वतःची धून वाजवून घ्यावी, मानधन द्यावं आणि वापराची परवानगी कागदावर सही घेऊन ठेवावी.

जुने फोटो मात्र जपायला सांगा. मुंबईतल्या साध्या डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ला बंद झाल्या, प्रीमियर पद्मिनी टॅक्सी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस. तिचे २०२२चे फोटो आज दस्तऐवज आहेत, पण तारीख आणि जागा सोबत असेल तरच. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गळते, आकारही घटतो. मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर हव्यात.

शिक्षणाचं थोडक्यात. बी.कॉम. पूर्ण करायचंच. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. संकलन किंवा छायालेखन तिला खुलं आहे, ध्वनी विभागाला मात्र बारावीला भौतिकशास्त्राची अट असते. एनआयडी या डिझाइन संस्थेच्या गांधीनगर शाखेत फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तीन वर्षांची पदवी तिथे पुरते का, हे त्या वर्षीच्या पात्रतेत वाचून मगच अर्जाचे पैसे भरा. घर सोडायचं नसेल तर सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापन आहे. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचा उपयोजित कलेचा मार्ग बारावीनंतरचा, आता मागे जाण्यात अर्थ नाही.

दीड वर्षात तीन मिनिटांच्या गोष्टीचे असे तीन तुकडे व्हावेत : मुंबईचा एक, सोलापूरचे दोन. त्यावर वृत्तपत्रांचे डिजिटल विभाग, सामाजिक संस्था, संग्रहालयं, माहितीपट करणारे यांच्याकडे शिकाऊ म्हणून उमेदवारी मागता येते. टॉवेल-चादरवाल्यांना परदेशी ग्राहकांना दाखवायला असं काम लागतंच. पहिलं बिल तिनं तुमच्याच कारखान्याच्या नावानं फाडावं, आणि तुम्ही ते घासाघीस न करता द्यावं.

मुंबईच्या तुकड्याला आवाज आजोबांचा. ‘तेव्हा कसं वाटायचं’ असं विचारू नये, उत्तर ‘बरं वाटायचं’ इतकंच येतं. भोंगा किती वाजता व्हायचा, खोलीत किती जण झोपायचे, डबा कुठून यायचा, संप लांबल्यावर सोलापूरच्या गाडीत बसताना हातात काय होतं, हे विचारावं. रात्री माग बंद झाल्यावर, पंखा बंद करून, रेकॉर्डर तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला. समोर धरला तर ‘प’ आणि ‘भ’ला फुंकर बसते. बोलणं संपलं की त्याच खोलीतली एक मिनिट शांतता घ्यायची, संकलनात जोड लपवायला ती लागते. अर्ध्या तासातलं चाळीस सेकंद वापरलं जाईल. फाइल त्याच रात्री दोन्ही डिस्कवर टाकायची.