फ्लूची लस आणि धरलेला खांदा

प्रश्न : वकीलताई, आम्ही अमेरिकेत राहतो. दीड वर्षापूर्वी मी एकाच दिवशी फ्लू आणि कोविड अशा दोन लसी घेतल्या, एकेका दंडात एक. त्याच रात्री उजवा खांदा ठणकायला लागला. जाईल चार दिवसांत म्हणून अंगावर काढलं. डॉक्टरांकडे गेले ती दोन महिन्यांनी. त्यांनी ‘काही आठवड्यांपासून दुखते’ एवढंच लिहिलं. फिजिओथेरपी चालू आहे, पण अजून हात पाठीमागे जात नाही. ओळखीचे म्हणतात, कंपनीवर दावा ठोका. ठोकू का? मला मधुमेह आहे, हेही सांगून ठेवते.
— एक वाचक

उत्तर : कंपनीला तूर्त विसरा. तिकडे १९८६च्या कायद्याने लसीच्या इजांसाठी वेगळी वाट करून दिलेली आहे आणि ती सोडून थेट कंपनीवर जाता येत नाही. दाव्यांच्या भीतीने कंपन्या लसी बनवणंच सोडू लागल्या होत्या, म्हणून हा कायदा आला. अर्ज वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स कोर्टात होतो, समोर सरकारचं आरोग्य खातं असतं, आणि निकाल ‘स्पेशल मास्टर’, म्हणजे त्या कोर्टाने याच कामासाठी नेमलेले अधिकारी, देतात; ज्युरी नाही. कोणाची चूक झाली हे सिद्ध करावं लागत नाही. पैसे एका निधीतून येतात. फ्लूच्या प्रत्येक डोसमागे ७५ सेंट कर त्यात जमा होतो, तुमच्या डोसचाही झालाय.

पण तुमचं सगळं घोडं एका प्रश्नावर अडलंय : उजव्या दंडात कोणती लस होती? फ्लूची असेल तर पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. तुमच्या हातात अजून अर्धी आहे. कोविडची असेल तर ते प्रकरण या कोर्टाचं नव्हेच. त्याची योजना निराळी, मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष, वेदनांची भरपाई नाही, वकिलाची फीही मिळत नाही. तुमचं ते वर्ष उलटून गेलंय. तेव्हा लस दिली तिथून लसीकरणाची पूर्ण नोंद आजच मागवा. डावा-उजवा हात त्यात लिहिलेला असतो. नुसती पावती नको.

लस समजा फ्लूची निघाली. कोणत्या लसीमागे कोणती इजा धरायची, याचा कायद्यात एक तक्ता आहे; खांद्याची इजा त्यात आहे. दुखणं ४८ तासांत सुरू झालं, त्या खांद्याला आधी काही नव्हतं, त्रास खांद्यापुरताच आहे आणि दुसरं कारण दिसत नाही, एवढं जुळलं की कारण लसच, असं कायदा धरून चालतो. शिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा. तो तुमचा टिकलाय.

‘काही आठवडे’ हे दोन शब्द मात्र नडतील. डॉक्टरांना जुना कागद बदलायला सांगू नका. असा बदल नजरेत येतो आणि मग खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्या आठवड्यातले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शोधा. ‘हात वर जात नाहीये’ असं बहिणीला लिहिलं असेल, तर ती तारीख सोन्याची. फिजिओथेरपीच्या पहिल्या भेटीत दुखणं कधीपासून सांगितलंत, तेही बघा. घरच्यांचं प्रतिज्ञापत्र चालतं, पण वजन त्या वेळच्या कागदाला जास्त.

मधुमेहाचं आधीच सांगितलंत ते उत्तम. मधुमेहात खांदा आपोआपही धरतो, हा मुद्दा समोरून येणारच. म्हणून लसीआधीच्या काही वर्षांचे कागदही काढा; त्यात खांद्याची तक्रार कुठेच नसणं हाच तुमचा पुरावा.

वकील याच कामातला गाठा. अर्ज प्रामाणिक आणि सबळ आधारावर केलेला असेल, तर हरलात तरी त्याची फी निधीतून मिळू शकते. भरपाईतला हिस्सा कोणी मागितला तर तिथून उठा. ते कायद्याला मान्य नाही. वेदनांपोटी अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई त्याहून वेगळी, तेव्हा फिजिओथेरपीची बिलं टाकू नका.