वाचक विचारतात: फुगा लावला, तरी वजन कमी का?

प्रश्न: नववीच्या मुलांना द्रव्य अक्षय्यतेचा नियम (रासायनिक क्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही) दाखवायचा होता. 100 मिली व्हिनेगरमध्ये 5 ग्रॅम खाण्याचा सोडा टाकला. वजन घटलं, वायू निसटला, हे कळतं. म्हणून बाटलीच्या तोंडाला फुगा लावून पुन्हा केलं. गळती नाही, तरी काटा 1.3 ग्रॅम कमी दाखवतो!
– एक शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: गळती शोधू नका, दोष फुग्याचा आहे. 84 ग्रॅम सोड्यातून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 5 ग्रॅममधून 2.6 ग्रॅम. 30 अंश सेल्सिअसला तो जवळजवळ दीड लीटर. थोडा पाण्यात विरघळतो, उरलेला फुगा फुगवतो. फुग्याने तेवढीच बाहेरची हवा बाजूला सारली, आणि नागपुरात त्या हवेचं वजन लीटरला सुमारे 1.1 ग्रॅम. तेवढ्या बळाने हवा फुग्याला वर उचलते. बाटलीतलं वस्तुमान तेच आहे. काट्यावरचा भार तेवढा हलका झाला.

आकारमान बदलणार नाही असं भांडं घ्या. कोल्ड्रिंकची अर्धा लीटरची प्लास्टिक बाटली उत्तम. तीत 20 मिली व्हिनेगर ओता. अर्धा ग्रॅम सोडा लहान परीक्षानळीत भरून ती आत अलगद उभी सोडा, झाकण घट्ट लावा, वजन घ्या. मग बाटली आडवी करा. फेस बसला की पुन्हा वजन. आकडा हलणार नाही. आता झाकण उघडा: फुस्स होऊन 0.2 ग्रॅमच्या आसपास घट दिसेल. त्यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो, इतवारीच्या सराफ्यात असतो तसा. स्वयंपाकघरातल्या काट्याला ही घट कळतच नाही. मोजताना कूलर आणि पंखा बंद ठेवा, वाऱ्याने आकडे नाचतात.

सोडा वाढवू नका. बंद बाटलीत 5 ग्रॅम घातला तर दाब चारपटीपर्यंत चढू शकतो. काचेची बाटली तर नकोच.

प्रश्न: स्टील वूल जाळल्यावर जड होतं म्हणतात. माझं पेटलंच नाही.
– विद्यार्थी, सक्करदरा

उत्तर: भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी घेतली असेल, ती स्टेनलेस असते. हार्डवेअरच्या दुकानातून अगदी बारीक तारेचं साधं स्टील वूल आणा, पिंजून सैल करा. हवेतला ऑक्सिजन जोडला गेल्याने 2 ग्रॅमचं पूर्ण जळाल्यास 2.8 ग्रॅमच्या आसपास व्हायला हवं. प्रत्यक्षात आतला गाभा जळत नाही, ठिणग्यांबरोबर थोडं उडूनही जातं, म्हणून वाढ बरीच कमी दिसते. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, तोही दोन्ही वेळा वजनात धरा.