लिंबू खाली पडलं तर

प्रश्न : ताई, पुण्यातल्या एका चित्रपट महोत्सवात आम्ही सहा मैत्रिणी थाई भयपट बघायला गेलो होतो. मी भीतीने खुर्चीत आक्रसून बसले होते आणि बाकीच्या पाचजणी नुसत्या खिदळत होत्या. मागच्या रांगेतल्या काकांनी दोनदा 'शूऽऽ' केलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. भयपट एकटीनेच बघावा का? आणि त्यातलं भूत थेट माझ्या आजीच्या गोष्टीतल्या हडळीसारखं होतं. ते कसं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मी तुझ्या मैत्रिणींची बाजू घेणार आहे, आधीच सांगून ठेवते.

२०१३ साली मी बँकॉकमध्ये एका निर्यात कंपनीत हिशेब बघायचे. एप्रिलच्या उकाड्यात ऑफिसातल्या चौघी मला 'फी माक' हा थाई चित्रपट बघायला घेऊन गेल्या. तिकडे 'फी' म्हणजे आपलं दादा आणि ताई दोन्ही, एकाच शब्दात. पण स्वर जरा वर चढवला की 'फी'चा अर्थ होतो भूत! आमच्या वडीलधाऱ्या सहकारी बाईंना मी पहिले काही महिने मोठ्या आदराने भूत म्हणून हाक मारत होते, हे मला त्या दिवशी रांगेत उभं असताना कळलं.

आत एसी एवढा की चौघींनी स्वेटर आणले होते. मी ओढणीवर भागवलं. आधी राजाचं गीत झालं, सगळे उभे राहिले, बसले, आणि मग जवळजवळ दोन तास लोक हसतायत की किंचाळतायत तेच मला कळेना.

गोष्ट साधी. माक लढाईवरून चार मित्रांना घेऊन घरी येतो. बायको, नाक, बाळ घेऊन वाट बघत असते. ती बाळंतपणात गेली हे गावाला ठाऊक, माकला नाही. ही बँकॉकच्या फ्रा खनोंग भागातली जुनी दंतकथा. मूळची रडवणारी. बंजोंग पिसंतनाकुनने तिचा विनोदी भयपट केला. २००४च्या 'शटर' या भयपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी हा एक, म्हणजे घाबरवता येत नव्हतं म्हणून हसवलं असं काही नाही. थिएटरातल्या पोराटोरांनाही नाक मेलेली आहे हे माहीत होतं. माझ्या शेजारची खो-खो हसत होती आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतलेली होती. दुसऱ्या दिवशी व्हाउचर लिहिताना वण दिसत होते. तुझ्या पाचजणींपैकी कुणी तुझा हात धरला होता का, जरा आठव बरं.

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. 'रिंगू'सारख्या (१९९८) जपानी चित्रपटात भीती शांततेतच असते. तिथे कुणी फिदीफिदी केलं तर मीही त्या काकांसारखीच 'शू' करीन. तसल्या चित्रपटाला एकच मैत्रीण ने, न बोलणारी. पण एकटी जाऊ नकोस. चित्रपट संपल्यावर घरापर्यंत कुणीतरी सोबत लागतं, ते तू म्हणशील तेव्हा कुठून आणणार?

आता तुझ्या आजीची हडळ. आपल्याकडेही बाळंतपणात गेलेली बाई हडळ किंवा अळवंत होते असं म्हणत. नाकच्या दंतकथेत ती स्वयंपाक करत असते, हातातलं लिंबू फळ्यांच्या फटीतून घराखाली पडतं, आणि ती बसल्या जागेवरून हात लांबच लांब करून ते उचलते. नवरा ते बघतो. आमची आजी सांगायची त्या हडळीचाही हात असाच लांब व्हायचा, शिवाय ती चुलीत लाकडाऐवजी स्वतःचे पाय घालायची. कुणी कुणाचं उचललं या भानगडीत मी पडत नाही. पूर्वी बाळंतिणी दगावायच्या त्या इथेही आणि तिथेही, आणि मागे राहिलेल्यांच्या मनात धाकधूक असायचीच.

फरक पुढे आहे. आपण हडळीला गावाबाहेर घालवतो, त्यांनी नाकला देवळाच्या आवारात जागा दिली. पुढच्या रविवारी चौघी मला त्या देवळात, 'वाट महाबुत'ला, घेऊन गेल्या ('वाट' म्हणजे तिकडे देऊळ). तिच्यासाठी झगे टांगलेले, बाळासाठी खेळणी, आणि तिला करमावं म्हणून समोर चक्क टीव्ही चालू. तिकडे सक्तीच्या सैन्यभरतीसाठी चिठ्ठ्या काढतात, त्याही एप्रिलमध्येच. आपली चिठ्ठी निघू नये म्हणून तरुण मुलं तिला हात जोडतात. तिचा नवरा लढाईला नेला होता ना, ती समजून घेईल, असा त्यांचा हिशोब. मला तो पटला.

आणि हो, चित्रपटाच्या रात्रीचं राहिलंच. नवरा फिरतीवर होता. सकाळी सरबत केलेलं, त्यातलं एक लिंबू उरलं होतं. फ्रिजमध्ये ठेवायला गेले तर ओट्यावरून घरंगळत थेट सिलिंडरच्या मागे गेलं. हात घातला असता तर पुरला असता. नाही घातला. दिवा चालू ठेवून झोपले.