शाळेतल्या दंततपासणी शिबिराने मुलांचे दात किडायचे थांबतात का?

नुसत्या तपासणीने नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा येतं, दातही बघतं. पण ते कीड शोधतं; ती होऊ न देणं हे वेगळं काम.

खरा फरक पडतो तो शाळेतच रोज बाईंच्या देखत ब्रश करण्याने. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ योजनेत बालवाडीपासून हेच करतात, शिवाय दातांना फ्लोराइड (किडीपासून दात वाचवणारा क्षार) असलेल्या वार्निशचा लेप देतात. खर्चही फार नाही: फ्लोराइडची पेस्ट, तीही वाटाण्याएवढीच. थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड सगळं वाहून जातं. (आपल्याकडे नेमकं उलटं शिकवतात!)

पालकांनी सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला आ करायला लावून अगदी मागे बघावं. तिथे दुधाचा दात न पडताच एक नवी दाढ येते. ती कायमची असते, पण ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून दुर्लक्ष होतं आणि तिच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा बसून राहतो. त्या खाचा सीलंटने, म्हणजे दाढेवर लावायच्या पातळ लेपाने, बुजवता येतात. इंजेक्शन नाही, दुखतही नाही. शिबिरात डॉक्टर भेटले तर एवढं तरी विचाराच.