रायफल घेण्याआधी

चि. यास अनेक आशीर्वाद.

कसब्यातल्या वाड्यात विकायला काढलेल्या जुन्या रायफलीबद्दलचं तुझं पत्र आणि चार फोटो पोचले. पत्रातली किंमत वाचून हसू आलं. मग 'कागद नाहीत, पण घरचीच वस्तू आहे, कोण विचारतंय' हे ती विकणाऱ्या त्या पुतण्याचं वाक्य वाचलं आणि हसू गेलं. व्यवहार तिथेच संपला असं समज. घ्यायची नाही. 'दोन दिवस नेऊन बघतो' असंही नाही आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.

कायद्याचं एकदाच सांगतो. चालू स्थितीतली रायफल कितीही म्हातारी असली तरी शस्त्र अधिनियमाला ती रायफलच. परवाना शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना असलेल्यालाही दोनच हत्यारं ठेवता येतात आणि त्यात वारशाने आलेलीही मोजतात. .३०३ तर प्रतिबंधित बोअर, म्हणजे मनाई असलेलं नळीचं माप, ती सामान्य माणसाला मिळतच नाही. १९५९ च्या कायद्याच्या ४५व्या कलमात एक सूट आहे, पण ती जुन्या नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही उडवता न येणाऱ्या हत्याराला. 'उडवता येत नाही' हे तू ठरवायचं नसतं, मी तर नाहीच नाही.

मग काका तुम्ही चाळीस वर्षं काय गोळा केलंत, असं तू विचारशील. माझ्या घरी एकही रायफल नाही. चौदा वह्या आहेत. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसे रायफलींवरच्या खुणांचे ठसे त्यांत आहेत. ओळखीच्या परवानाधारकांच्या घरी बसून, एन.सी.सी.च्या कोतीत, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, परवानगी काढून, एकदा तर एका लग्नाच्या मांडवात नवऱ्यामुलाच्या आजोबांना गाठून घेतलेले. वडील खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत होते. तो कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावरची 'के एफ' ही अक्षरं म्हणजे 'कर्की फॅक्टरी', आणि शेजारचे दोन आकडे म्हणजे वर्ष, हे मी बाराखडीच्या आगेमागेच शिकलो. कॉलेजात एन.सी.सी.च्या रायफलींवर 'डी पी' ठोकलेलं असायचं. आम्ही त्याचा अर्थ 'डेक्कन, पुणे' असा लावून टाकला होता. पुढे कळलं की ते 'ड्रिल पर्पज', म्हणजे हिच्यातून गोळी झाडायची नाही, नुसती कवायत.

आता तुझे फोटो.

पहिला चांगला काढलायस. बोल्टच्या मागे, जिथे दस्ता धातूत बसतो, ती उजवी बाजू. ही रायफलची जन्मपत्रिका. मुकुट, त्याखाली 'जी. आर. आय.', मग 'इशापूर', १९४२, 'एस. एच. टी. एल. ई.' आणि 'तीन' या रोमन आकड्यापुढे एक तारा. एकेक घे. शेवटचा 'आय' म्हणजे सम्राट, जॉर्ज राजा हिंदुस्थानचा सम्राट म्हणून. विलायतेत बनलेल्या रायफलींवर नुसतं 'जी. आर.' सापडेल. स्वातंत्र्यानंतरच्या इशापूर रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. पुढची अक्षरं 'शॉर्ट ली-एनफिल्ड'ची. मार्क तीन १९०७ चा. तारा पहिल्या महायुद्धातला. युद्धात हजारोंनी रायफली हव्या होत्या, म्हणून मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी) आणि बाजूची लांब पल्ल्याची व्हॉली साइट काढून टाकली आणि मार्कापुढे तारा ठोकला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नंबर चार रायफल घेतली, पण इशापूर आणि ऑस्ट्रेलियातलं लिथगो हे जुनंच मॉडेल काढत राहिले. तेव्हा १९४२ इथे अगदी चपखल बसतं.

बसत नाही ती पुतण्याची गोष्ट. 'पणजोबांनी ही मेसोपोटेमियात चालवली, कूटच्या वेढ्यात.' कूट हे आजच्या इराकमधलं गाव, पहिल्या महायुद्धात तुर्कांनी तिथे आपल्या फौजेला वेढलं होतं. ते पडलं २९ एप्रिल १९१६ ला. ही रायफल त्यानंतर सव्वीस वर्षांनी जन्मली.

आणि वर्ष बरोबर असतं तरी मी नाही म्हणून मान हलवली असती. शिपायाची रायफल शिपायाची नसते. ती सरकारची, रात्री कोतीत साखळीला, सकाळी सही करून हातात. बाणाची खूण आणि त्याखाली 'आय' दिसला तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले दिसले तर सेवेतून काढून विकलेली. पेन्शन घेऊन गावी येणारा माणूस रायफल खांद्यावर टाकून यष्टीत बसत नव्हता. कूटहून तर कोणीच काही आणलं नाही. शरण जाण्याआधी हत्यारं नष्ट केली आणि माणसं कैदेत गेली.

दुसरा आणि तिसरा फोटो एकत्र पाहा. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा आहे आणि नळीच्या तोंडातून गोळीला पीळ देणाऱ्या खाचा दिसत नाहीत. तू लिहिलंस 'घासून गेल्या असतील'. पाच खाचा अशा पुसून जात नसतात रे. ही .४१० आहे. बाहेरून ली-एनफिल्ड, आतून गुळगुळीत, एका वेळी एकच काडतूस. पोलीस तिला मस्केटच म्हणायचे. गर्दीपुढे उभ्या राहणाऱ्या शिपायाच्या आणि पहारेकऱ्याच्या हातात लांब पल्ल्याचं हत्यार नको, आणि हिसकावली गेली तरी घेणाऱ्याला फार उपयोग नको, असा तो हिशेब.

हा हिशेब जुना आहे. १८५७ आधी आपल्या पलटणींना १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड येऊ लागली होती, तीच ती चरबीच्या काडतुसांची. उठाव मोडल्यावर देशी शिपायाला जी बंदूक दिली ती दिसायला तशीच, पण नळी मोठी आणि गुळगुळीत. लांबून बघणाऱ्याला गोरा आणि काळा शिपाई सारखाच सज्ज दिसेल, पण नेम दोनशे पावलांपुढे एकाचाच लागेल. सरकारचा आपल्यावर विश्वास किती होता, हे मी इतिहासाच्या पुस्तकात पुष्कळ वाचलं. पण ते नळीत बोट घालून कळतं, याची गंमत निराळी. तुझ्या त्या मस्केटचा खरा इतिहास हाच आहे आणि तो कूटपेक्षा काही कमी नाही.

आता चौथा फोटो. तू तो चुकून काढलायस. रायफल भिंतीला टेकवलेली, उजेड नाही, निम्मा फोटो हललेला. पण डाव्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी आहे, तिच्यावर गोधड्या. गोधडीखालून पांढऱ्या रंगातले आकडे डोकावतात. मी भिंग लावून पाहिलं. '११७' आहे, आणि पुढे 'एम' असावा.

मी उठून पाणी प्यायलो.

सहावी पूना डिव्हिजन. नाव आपल्याच गावाचं, गेली बसऱ्याला. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती, १०३वी आणि ११०वीही. शैबा आणि टेसिफॉनच्या लढाया, आणि मग कूट. १९२२ साली पलटणींची फेररचना झाली आणि ११७वीची पाचव्या मराठा रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली, 'रॉयल' हे बिरुद लावून. म्हणजे १९२२ नंतर भरती झालेला माणूस आपल्या पेटीवर ११७ कशाला रंगवेल? गोष्ट खोटी नसावी. रायफल खोटी आहे. घरात पणजोबांची आठवण होती, पुढे कुठून तरी एक मस्केट आली, आणि दोन पिढ्यांनी दोन्ही एकत्र बांधली. असं फार होतं.

सावध राहा म्हणजे झालं. पेटीवरचा रंग नंतरचाही असू शकतो. ११७व्या पलटणीतला प्रत्येक जण कूटला नव्हता, डेपोत राहिलेले होते, मागून पाठवलेले होते. पण आता शोधायला काहीतरी हाताशी आहे.

इथे माझी एक चूक सांगायला हवी, ती तू करू नयेस म्हणून. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका घरी मला मार्टिनी-हेन्री, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ब्रिटिश रायफल, दाखवायला बोलावलं. घरचे आजोबा, लेक, जावई, शेजारी, सगळे जमलेले. त्यांच्या आजोबांनी सरहद्दीवर मिळवलेली, असं ऐकलं. मी खुणा पाहिल्या. राणीची 'व्ही. आर.' अक्षरं आणि खाली १९०८. राणी तर १९०१ च्या जानेवारीतच गेली. 'एनफिल्ड'मधला 'एन' उलटा. खैबरच्या बाजूला कारागीर हाताने अशा नकला करत, अक्षर न येणारा माणूस खुणा चित्रासारख्या काढायचा. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तेही शिक्षकाच्या थाटात. आजोबा काही बोलले नाहीत. चहा झाला. खोलीत एक ट्रंक होती, तिच्यातली कागदपत्रं पुढच्या वेळी दाखवतो म्हणाले होते. पुढची वेळ आली नाही. ते गेल्यावर ट्रंकेतलं सगळं रद्दीत गेलं, हे मला जावयाने मंडईत भेटल्यावर सांगितलं. आणि आता विचार करतो तर, सरहद्दीवर नोकरी केलेल्या माणसाकडेच सरहद्दीवरची नक्कल येणार ना? बंदूक खोटी होती, पण गोष्टीला साक्षीदार तीच होती. मी तिला खोटं ठरवून उठलो.

म्हणून आता पुढचं नीट ऐक. तू लिहिलंस की कसब्यातला तो वाडा बिल्डरला दिलाय आणि महिनाभरात रिकामा करायचाय. म्हणजे पेटी महिनाभरात भंगारात. पुतण्या रायफल विकतोय, पेटीकडे त्याचं लक्षही नाही. पण घरात आजी आहेत. तू आजींकडे जा. रायफलीचा विषय त्यांच्यापाशी काढू नकोस. मूळ गाव विचार, साताऱ्याकडचं म्हणालास, पण नेमकं कुठलं ते विचार. त्या भागात बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी असते, या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धाला इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. अपशिंग्याची पाटी ४६ जणांची आहे. तिच्यावर नावं नसली तरी गाव पलटणीत होतं हे पक्कं होतं. पणजोबा परत आले होते की नाही, हेही विचार. नसतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) नोंदींत बसरा स्मारकाखाली नाव शोध. तिथल्या भिंतींवर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरली नाहीत, नुसते आकडे दिले, पण नोंदवहीत नावं आहेत, आणि पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही. स्पेलिंगची काळजी करू नकोस. साहेबाने ऐकलं तसं लिहिलं, तूही साहेबासारखं ऐकून शोध. शिंदेचे पाच प्रकार होतात.

पेटीत काय असेल? पेन्शनचं पुस्तक, पदक, डिस्चार्जचा कागद, कदाचित नुसती उंदरांनी कुरतडलेली पोथी. पदक असेल तर त्याची कड बघ, कडेला नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ब्रासो लावू नकोस. आजी म्हणतील, घासून देऊ का. नको म्हण.

पुतण्याला मात्र रायफलीचं आजच सांग, हे लांबवायचं नाही. परवाना संपला किंवा नसेल तर हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करण्याची सोय कायद्यातच आहे. आधी वकिलाशी बोल म्हणावं, मग जावं. चिडेल. चिडू दे. तुझ्यानंतर तो आणखी कोणाला विकायला गेला तर प्रकरण आजींच्या दारात येईल, एवढं त्याला पुरेल.

संग्रहाची हौस तुला भागवायचीच असेल तर जुन्या बाजारात ये, बुधवारी किंवा रविवारी, सकाळी लवकर. दस्त्यावर बसवायच्या पितळी चकत्या कधी कधी मिळतात, पलटण, महिना-वर्ष आणि हत्याराचा क्रमांक ठोकलेल्या. तेलाची पितळी बाटली मिळते, ती दस्त्याच्या बुडातल्या झाकणाआड पुलथ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीच्या, शेजारी राहायची. झाकण उघडून वास घे, कधी कधी अजून येतो. संगीन दिसली तर थांब. १९०७ च्या नमुन्याचं पातं १७ इंचांचं असतं, तो भाजी चिरायचा सुरा नव्हे. मला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. काडतूस तर भरलेलं असो की रिकामं, खिशात टाकायचं नाही. ठसा घ्यायचा आणि परत ठेवायचं. आणि 'शिवकालीन' म्हणून कोणी तोड्याची बंदूक दाखवली तर आधी केळकर संग्रहालयात जाऊन खऱ्या पाहून ये. डोळा तयार व्हायला तास दोन तास पुरतात, फक्त पाट्या न वाचता बघायचं.

पातळ कागद आणि ६बी पेन्सिल आण. कडक पेन्सिलीने ठसा उठत नाही, कागद फाटतो. पण त्याआधी, जमलं तर उद्याच, दुपारी उजेड असताना कसब्यात जा, गोधड्या आजींना विचारून बाजूला कर, आणि त्या पेटीचे चारही बाजूंचे फोटो काढून पाठव.

तुझा,
काका