सर्चमधली स्पॅम पानं लपवण्याआधी हे करा

समजा, तुमच्या साइटमध्ये कोणीतरी घुसलंय: गूगलमध्ये तुमच्या डोमेनखाली जपानी मजकुराची पानं दिसतात, उघडली की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं येतं. म्हणून तुम्ही ती रोबोट्स.टीएक्सटीमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांनी काय वाचू नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ब्लॉक केलीत. आणि साइटमध्ये त्रुटी असल्याचा एका अनोळखी माणसाचा मेल तुम्ही तसाच सोडून दिलात.

आधी तो ब्लॉक काढा. गूगलबॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, आतच येऊ दिलं नाही, तर पान गेलंय हे त्याला कळणार कसं? पत्ते इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या पानांच्या यादीत, तसेच पडून राहतात. शिवाय ती फाइल कोणीही वाचू शकतो. खाजगी फोल्डरची नावं तिथे लिहिणं म्हणजे दारावर पाटी लावणं.

४०४ वरही विसंबू नका. हे बहुधा क्लोकिंग आहे: घुसवलेला कोड गूगलबॉटला स्पॅम देतो आणि तुम्हाला ४०४. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात यूआरएल इन्स्पेक्शनची (एका पत्त्याच्या तपासणीची) लाइव्ह टेस्ट चालवा आणि गूगलला मिळालेला एचटीएमएल वाचा, खरं काय ते तिथे दिसेल.

सफाईआधी संसर्ग झालेल्या साइटची आणि अॅक्सेस लॉगची (साइटवर कोण कधी आलं त्या नोंदीची) प्रत बाजूला ठेवा, नाहीतर घुसखोर कुठून आला ते कधीच कळणार नाही. मग शोधा. वर्डप्रेस असेल तर अपलोड्स फोल्डर चित्रांसाठी असतो, तिथे पीएचपी फाइल दिसली की संशय घ्याच. एचटीअॅक्सेस (सर्व्हरच्या नियमांची फाइल), क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), अनोळखी अॅडमिन हेही बघा. फाइलच्या तारखेवर जाऊ नका, ती सहज बदलता येते. सर्च कन्सोलमधले मालक तर नक्की तपासा. हल्लेखोर स्वतःला मालक म्हणून जोडतात, त्यासाठी रूटमध्ये, म्हणजे साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये, पडताळणीची फाइल टाकतात. नुसतं नाव काढलंत आणि फाइल राहिली, तर तो परत मालक होतो. हे फार जणांकडून सुटतं.

भोक बुजवून पासवर्ड बदलले की त्या पत्त्यांना ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलंय) जाऊ द्या. इंडेक्स हळूहळू साफ होईल. सर्च कन्सोलमधलं रिमूव्हल्स टूल पान साधारण सहा महिनेच लपवतं. लोकांची खाजगी माहिती सर्चमध्ये आली असेल तर ते लगेच वापरा, पण मूळ पानही काढा.

आता तो मेल. तपशील न देता आधी पैसे मागणारे असतात, त्यांना काही देऊ नका. पण मेलमध्ये नेमका पत्ता आणि त्रुटी पुन्हा दाखवण्याच्या पायऱ्या असतील, तर तो माणूस तुमचं काम करतोय. आभार माना, तपशील विचारा, दुरुस्तीला किती दिवस लागतील ते सांगा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या टीममुळे, त्रुटी जाहीर करण्याआधी दुरुस्तीसाठी ९० दिवसांची मुदत बरीच रूढ झाली आहे, पण साइट आधीच फुटलेली असताना एवढं थांबणं बरोबर नाही. कायद्याची धमकी तर मुळीच देऊ नका, पुढचा माणूस कळवायलाच येणार नाही.

आणि साइटच्या वेल-नोन फोल्डरमध्ये सिक्युरिटी.टीएक्सटी ठेवा, म्हणजे त्रुटी कुठे कळवायची ते सांगणारी फाइल. २०२२च्या आरएफसी ९११६ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाप्रमाणे त्यात संपर्क आणि मुदत संपण्याची तारीख या दोनच ओळी सक्तीच्या आहेत. संपर्काचा मेल मात्र रोज कोणीतरी उघडणारा हवा.